भाराभर चिंध्या आणि एक वाकळ

ताई,

मी माण तालुक्यातल्या एका गावची. बी.ए.चं पहिलं वर्ष आता संपेल. भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास असे तीन विषय होते, तिन्हींना सारखेच क्रेडिट (श्रेयांक). दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य विषय घ्यायचा, एक मायनर म्हणजे दुय्यम, तिसरा सोडायचा. फॉर्म भरायला पंधरा दिवस आहेत. शिवाय ओपन इलेक्टिव्ह (ओई) म्हणजे निवडीचा पेपर दुसऱ्या शाखेतूनच घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी मैत्रिणींनी घेतलं म्हणून मीही कॉमर्सचं सोपं ते घेतलं. मार्क चांगले पडले, पण काय शिकलीस विचाराल तर सांगता येणार नाही.

मला पाण्याचं काम करायचंय. आमच्याकडे दर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे लहानपणापासून तेच डोक्यात आहे. पण पाणी हा काही विषय नसतो. एका शहरातल्या विद्यापीठात पर्यावरणाची आंतरविद्याशाखीय पदवी आहे, तिथे पाच-सहा विषय एकत्र शिकवतात. तिकडे जाऊ का? आप्पा म्हणतात, "एक ना धड भाराभर चिंध्या. एकच विषय नीट कर." मला तेही पटतं. ओई, आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहअभ्यासक्रम) यांच्यात माझा वेळ फुकट जातोय का? आणि चौथं वर्ष करावं का?

— माणदेशी

*

प्रिय माणदेशी,

तुझ्या आप्पांची म्हण मी बाजूला सारणार नाही. इतकी वर्षं वर्गात शिकवताना त्या म्हणीतली मुलं मी पाहिली आहेत. फायलीत प्रमाणपत्रं वीस, पण कुठल्याही एका विषयावर अर्धं पान नेटकं लिहायला सांगितलं की पेन अडतं. आप्पांना त्याचीच भीती आहे, आणि ती रास्त आहे.

पण तुमच्याकडे वाकळ शिवतात ती आठव. आत चिंध्याच असतात. फाटका सदरा, परकराचा तुकडा, जुन्या धोतराची पट्टी, जे हाताला येईल ते. तरी ती वाकळ वीस-वीस वर्षं अंगावर घेता येते. कारण वर-खाली आजीचं अख्खं लुगडं असतं आणि सगळ्या थरांतून आरपार गेलेला धावदोरा असतो. लुगडं म्हणजे तुझा मेजर. धावदोरा कुठलंही विद्यापीठ देत नाही, आणि तुझ्याजवळ तो आधीच आहे: पाणी. "पाणी हा काही विषय नसतो" असं तू लिहिलंस ना, ते खरं आहे. पाणी हा प्रश्न आहे. आंतरविद्याशाखीय शिक्षण प्रश्नापासूनच सुरू होतं. ज्यांच्याकडे प्रश्न नसतो त्यांची भाराभर जमते.

आधी हिशेब मांडू, म्हणजे भीती कुठली खरी आणि कुठली उगाचची ते कळेल. राज्य शासनाने २०२३मध्ये आणलेल्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आहे. त्यातला सर्वांत मोठा भाग मेजरचा. मायनरला १८ ते २०, ओपन इलेक्टिव्हला १० ते १२. उरलेले व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्यांचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, आयकेएस, सीसी, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) यांत वाटलेले. २०२४च्या सुधारणेनंतर आणि विद्यापीठागणिक आकडे थोडे मागेपुढे झालेत, म्हणून तुझ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा तक्ताच प्रमाण मान. पण एवढं नक्की, की दुसऱ्या शाखेत जाऊन शिकायचा भाग सगळ्या पदवीच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याएवढा आहे. तेवढ्याने मेजर पातळ होत नाही. आप्पांना हा तक्ता दाखव. घरात या विषयावर जे वाद होतात, त्यातले बरेच आकडे न पाहताच होतात.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघ. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे ओपन इलेक्टिव्हचे किमान दीडशे तास तुझे स्वतःचे आहेत. त्यातले पहिल्या वर्षाचे तू मैत्रिणींच्या संगतीत घालवलेस, त्याबद्दल मी रागावणार नाही. कॉलेजात नवं असताना ओळखीचे चेहरे जिथे बसतात तिथेच आपण बसतो. पण उरलेले तास वाया घालवू नकोस, ही मात्र माझी कळकळीची विनंती आहे.

सोपा पेपर शोधायची ही खोड काही आजची नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स एलियट या अध्यक्षांनी विषय निवडायची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली होती. तेव्हा पुष्कळ मुलांनी ठिकठिकाणचे प्राथमिक, सोपे कोर्स वेचून पदवी पुरी केली. १९०९मध्ये लॉवेल अध्यक्ष झाले आणि त्यांनी नियम बांधला: काही कोर्स एकाच क्षेत्रात खोलवर, काही मुद्दाम त्या क्षेत्राबाहेर. मेजर आणि ओपन इलेक्टिव्हची ही जोडी जगभर फिरून आता तुझ्या फॉर्मवर आली आहे.

याच नियमाच्या काळात त्याच हार्वर्डमध्ये आपल्याकडचा एक मुलगा शिकत होता. गोव्यातल्या कोसबेन गावी १९०७मध्ये जन्मलेले दामोदर कोसंबी. ओढा गणिताकडे, शिकवणाऱ्यांचाही आग्रह गणितावरच लक्ष द्यावं असा, पण त्यांनी भाषांपासून कितीतरी कोर्स केले आणि १९२९मध्ये उत्तम गुणांनी पदवी घेतली. पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना ते प्राचीन आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांकडे वळले. इतरांनी नाण्यांवरची चिन्हं पाहिली होती. कोसंबींनी एकेक नाणं तराजूत घातलं. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकी त्याची चांदी झिजते आणि वजन घटतं. मग हजारो नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र लावलं, तर कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची याचा अंदाज बांधता येतो. इतिहासाचा प्रश्न, आणि तो सोडवायला गणिताचा तराजू. नुसता इतिहास शिकलेल्याला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. पण गणित कच्चं असतं तर कोसंबींनाही ते जमलं नसतं.

म्हणून ओपन इलेक्टिव्ह निवडताना विषयाचं नाव पाहू नकोस, त्यातून हातात कोणतं अवजार येतं ते बघ. "पर्यावरण आणि समाज", "जल व्यवस्थापन ओळख" अशी नावं तुला भुरळ घालतील, कारण ती तुझ्या आवडीची आहेत. पण तिथे जे सांगतील ते तुझ्या भूगोलाच्या पेपरांत याहून नीट येणार आहे. तुला जे भूगोलात मिळणार नाही ते घे. दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या आहेत.

पहिली संख्याशास्त्र. तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आकड्यांच्या त्या रांगा पुढ्यात आल्यावर पातळी खरोखर खाली चालली आहे, की पाऊस कमी झालेल्या दोन वर्षांमुळे तसं वाटतंय, हे ठरवता आलं पाहिजे. सरासरी, विचलन, सहसंबंध, आलेख एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ आहे. बी.ए.च्या मुली या पेपराला घाबरतात. अगं, दहावीपर्यंत गणित सगळ्यांनीच केलेलं असतं, आणि दुसऱ्या शाखेतल्या मुलांसाठीचा पेपर पायरीपायरीनेच बांधलेला असतो.

दुसरी गोष्ट हिशेब वाचणं. पहिल्या वर्षी तू कॉमर्सचा सोपा पेपर घेतलास, आता कॉमर्सचाच पण अवघड वाटणारा घे, लेखाकर्माचा (अकाउंटन्सीचा). कारण सांगते. २००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने राज्यात कालव्याच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवायची वाट केली. या संस्थांमध्ये पाण्याची भांडणं जेवढी बांधावर होतात तेवढीच वहीत होतात. कोणाची पाणीपट्टी थकली, दुरुस्तीला किती खर्च झाला, शिल्लक कुठे आहे? ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनेचंही तेच. जिला ताळेबंद वाचता येतो, तिला ग्रामसभेत बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. पाण्यावर काम करू पाहणाऱ्या कितीतरी मुली पाणलोट, चर, बंधारे सगळं शिकतात आणि हिशेबाचा कागद पुढे आला की गप्प बसतात. तू त्यांच्यातली होऊ नकोस.

आता अडचण. तुझ्या कॉलेजच्या यादीत हे दोन्ही असतीलच असं नाही. ओपन इलेक्टिव्हची यादी मुलांची गरज पाहून बनावी अशी अपेक्षा असते, पण कुठल्या विभागाला वर्कलोड हवा आहे आणि कोणता शिक्षक मोकळा आहे, यावर ती बरीच ठरते. मी स्वतः अशा याद्या करायला बसले आहे, म्हणून सांगते. तर संख्याशास्त्र यादीत नसेल तर पंधरा-वीस मुलांच्या सह्यांचा अर्ज वेळेत प्राचार्यांकडे दे. अर्जाने कधी कधी काम होतं. तेही नाही झालं, तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरचा कोर्स बघ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात आणि ते तुझ्या एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिटच्या बँकेत, जमा होतात. पण नाव नोंदवायच्या आधी कॉलेजची लेखी परवानगी घे, कोर्सचा कोड आणि क्रेडिट त्या कागदावर असू देत. तोंडी "चालेल" म्हटलेलं परीक्षा विभागात चालत नाही. आणखी एक खाच आहे. बारावीपर्यंत शिकून झालेला विषय अशा दुसऱ्या शाखेच्या कोर्समध्ये पुन्हा घेता येत नाही, असं यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात म्हटलं आहे. तू अकरावी-बारावीला कुठल्या शाखेला होतीस ते लिहिलं नाहीस. कॉमर्स असेल तर लेखाकर्माआधी हे तपासून घे.

मेजर कोणता? मी भूगोल म्हणेन, आणि मायनर अर्थशास्त्र. असं का म्हणते ते ऐक आणि मग तुझं तू ठरव. भूगोलाची प्रात्यक्षिकं, नकाशावरच्या समोच्च रेषा वाचणं, सर्वेक्षण, उपग्रहाच्या प्रतिमा आणि जीआयएस (संगणकावरची नकाशा-प्रणाली) या गोष्टी घरी बसून पुस्तकातून येत नाहीत. त्यांना प्रयोगशाळा लागते, उन्हात उभे राहणारे शिक्षक लागतात, आणि एक सत्र चुकलं की पुढचं कळत नाही. पायऱ्या असलेला विषय मेजर घ्यावा, असं माझं मत आहे. अर्थशास्त्रही वरवरचं नाही, पण मायनरच्या अठरा-वीस क्रेडिटमध्ये तुला हवं तेवढं पुष्कळ हाती येईल, जर शेती आणि सार्वजनिक वित्ताचे पेपर निवडता आले तर. पुढच्या शिक्षणाचीही काळजी नको. यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर या दोहोंपैकी कुठल्याही विषयात पुढे जाण्याची सोय आहे. तरी ज्या विद्यापीठात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचं मनात आहे, त्याचं प्रवेशपत्रक आत्ताच उघडून बघ. भूगोलात एम.एस्सी.ला काही ठिकाणी बी.ए. चालतं, काही ठिकाणी बी.एस्सी.च मागतात, आणि हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं की फार जिव्हारी लागतं.

इतिहास सुटतोय याचं तुला वाईट वाटत असणार, तू लिहिलं नसलंस तरी. माझं ऐकशील तर तो पूर्ण सोडू नकोस. आयकेएसमध्ये वेळ फुकट जातो असं तुला वाटतं ना? त्याच्या असाइनमेंटला धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत घे. नदीवर लहान लहान बंधारे, त्यांतून पाट, लाभक्षेत्राचे फड पाडलेले आणि कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे गावाने मिळून ठरवायचं. काही शतकं ही व्यवस्था लोकांनी स्वतः चालवली. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला मोबदला कसा मिळायचा, शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचायचं की नाही, ती पुढे मोडकळीला का आली, हे शोधायला लागलीस तर इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल तिन्ही तुझ्यापुढे एका बांधावर उभे राहतील. बाकी सीसी, मूल्यशिक्षण वगैरे नीट हजेरी लावून पार पाड. त्यांची फार चिंता करण्यात अर्थ नाही.

आता त्या शहरातल्या पदवीबद्दल. जाऊ नकोस असं मी म्हणत नाही, पण माहितीपत्रक पाहून जाऊ नकोस, अभ्यासक्रम वाचून जा. चांगल्या आंतरविद्याशाखीय पदवीत गाभ्याचे क्रेडिट ज्या ज्या विषयांतून ती बनली आहे त्यांच्यात असे वाटलेले असतात, की प्रत्येकात काहीतरी पकड यावी. यूजीसीच्या आराखड्यात इकॉनॉमेट्रिक्सचं उदाहरण आहे: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित या तिघांचे गाभ्याचे पेपर हवेतच, एक जरी कच्चा राहिला तरी पदवीला अर्थ उरत नाही. म्हणून सहाही सत्रांचे पेपर एका मोठ्या कागदावर लिही आणि एकच गोष्ट तपास. पहिल्या सत्रातला विषय तिसऱ्या आणि पाचव्या सत्रात वरच्या पायरीवर परत येतो का? पहिल्यात रसायनशास्त्राची ओळख असेल, तर पुढे पाण्याचे नमुने तपासण्याचं प्रात्यक्षिक आहे का? की दर सत्राला नव्या कशाची तरी "ओळख" आणि "मूलतत्त्वं"च आहेत? शीर्षकात 'ओळख' असलेले पेपर मोज. सहा-सात असतील तर ठीक. पंधरा असतील तर आप्पांची म्हण तिथे खरी ठरेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. फार वर्षांपूर्वी अशीच एक जोडपदवी आखणाऱ्या समितीवर मी होते. तीन विभागांनी आपापले नको असलेले पेपर पुढे सरकवले, आम्ही ते एकाखाली एक लिहिले आणि त्याला छान नाव दिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. पहिल्या तुकडीतली एक हुशार मुलगी तिसऱ्या वर्षी मला म्हणाली, "मॅडम, मला सगळ्यांचे पहिले धडेच येतात." ते वाक्य अजून टोचतं. म्हणूनच तुला एवढं लांबण लावून सांगते आहे.

त्या विद्यापीठात दोन गोष्टी समक्ष विचार: गाभ्याचे पेपर त्या त्या विभागाचे कायम शिक्षक घेतात की तासिका तत्त्वावरचे, आणि मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेले दोन-तीन प्रकल्प पाहायला मिळतील का? प्रकल्प पाहून तुला लगेच कळेल. आणि बदली घेतलीस तर पहिल्या वर्षाचे तुझे कोणते क्रेडिट तिथे धरले जातील हे लेखी घे. खात्यात क्रेडिट असणं आणि नव्या पदवीत ते मान्य होणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शहरात राहण्याचा खर्चही कागदावर मांड, कारण तो आप्पांना करायचा आहे. माझा कल विचारशील तर तुझ्या आत्ताच्या कॉलेजचा भूगोल विभाग धड असेल तर तिथेच राहा. मेजर, मायनर आणि नीट निवडलेले ओपन इलेक्टिव्ह मिळून तुझी स्वतःची पाण्याची पदवी तिथेच उभी राहील, आणि फील्ड प्रोजेक्टसाठी तुझं गाव तासाभरावर असेल. ही सोय शहरात मिळायची नाही.

चौथ्या वर्षाचं आत्ता ठरवू नकोस. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षात होतं, एवढं लक्षात ठेव. संख्याशास्त्राचे मार्क कमी पडतील या भीतीने सोपा पेपर घेशील, तर ७५ टक्के मिळतीलही, पण संशोधन करायला हातात काही नसेल.

आप्पांशी बोलताना "तुम्हाला कळत नाही" हे वाक्य चुकूनही नको. तो तक्ता, हा पेपर मी का घेते आणि तो का सोडते, असं त्यांच्याशेजारी बसून मराठीत सांग. सांगताना जिथे अडखळशील तिथे तुझी निवड कच्ची आहे असं समज आणि त्याबद्दल तुझ्या भूगोलाच्या विभागप्रमुखांना जाऊन विचार.

आणि एक काम फॉर्म भरायच्या आधीच कर. दोरीला दगड बांधून तुमच्या विहिरीत सोड, काठापासून पाण्यापर्यंत किती मीटर भरतात ते टेपने मोज, तारीख टाकून वहीत लिही. शेजारच्या दोन विहिरींचंही लिही. वळवाचा पाऊस पडायच्या आत मोज, कारण मे महिन्याची पातळी पुन्हा वर्षभर मिळणार नाही. ऑक्टोबरमध्ये तिन्ही परत मोज आणि दोन्ही वेळचे आकडे मला कळव.

तुझी,
ताई